सासरे जागचे हलले नाहीत

"अहो, बाहेर काय वारा-पाऊस सुटलाय! आजचा दिवस घरी बसा ना," बायको म्हणाली.

पण घरी बसून समुद्राचा फोटो कसा निघणार? फोटो क्लबच्या प्रदर्शनाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. यंदाही फोटो नाकारला, तर समुद्राचा नाद सोडून जन्मभर दुकानात पासपोर्टचेच फोटो काढीन, असं त्याने भर जेवणात जाहीर करून टाकलं होतं. ते ऐकून सासऱ्यांनी एक पोळी जास्त खाल्ली होती.

शेवटी तिघंही खडकांवर पोचले. बायकोने ट्रायपॉड घट्ट धरला आणि सासऱ्यांनी कॅमेऱ्यावर छत्री.

"आता शटर दोन मिनिटं उघडं राहणार. लाटांचं मऊ धुकं होतं, आणि हलणारं काही फोटोत उमटतच नाही," त्याने समजावलं.

"दोन मिनिटांत माझी दाढी होते," सासरे म्हणाले.

शटर उघडलं मात्र, छत्री उलटी होऊन उडाली. "अरे, माझी छत्री!" करत सासरे धावले ते थेट कॅमेऱ्यासमोर. तसेच धावत राहिले असते, तर बिचारे फोटोतून आपोआप पुसले गेले असते. पण दिवसभर पासपोर्टचे फोटो काढणाऱ्या जावयाच्या तोंडून सवयीने निघालं, "मामा, हलू नका!"

सासरे थिजले. हात पुढे, तोंड उघडं. एका लाटेने गुडघ्यापर्यंत भिजवलं, दुसरी चप्पल घेऊन गेली. माणूस हलेल तर शपथ!

"अहो, बाबांना हलू द्या की!"

"आता हलले तर फोटोत भूत दिसेल!"

शटर मिटलं आणि पावसाने भिजून कॅमेराही बंद पडला. हाती उरला तो एवढाच फोटो. त्याने कपाळाला हात लावत तोच पाठवला.

तर प्रदर्शनात तो दारासमोरच लावलेला! उडत्या छत्रीचा फोटोत मागमूस नव्हता. धुक्यात उभं राहून कुणालातरी हाक मारणारे सासरे तेवढे लख्ख दिसत होते. परीक्षक फोटोसमोरून हलेनात. "काय ही व्याकुळता! कुठे भेटले हे गृहस्थ?"

"घरचेच आहेत," तो कसाबसा म्हणाला. आनंदाने त्याला रडूच यायचं बाकी होतं. परतताना तो सासऱ्यांच्या पायाच पडला. "मामा, रविवारी पुन्हा जाऊ या?"

"रविवारी जमायचं नाही. तुमच्या क्लबातल्या दोघांनी मला फोटोत उभं राहायला आधीच सांगून ठेवलंय."

"मग मीही येतो की!"

"मी विचारलं त्यांना," सासरे ऐटीत म्हणाले. "नको म्हणाले. मधेच ओरडता म्हणे तुम्ही."