पाहुण्यांची पायताणं आणि आप्पांची तांबी

आमच्या शेजारच्या हरिबाआप्पांकडे पाहुणा आला की ते त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायाकडे बघतात. पाहुण्यानं ओट्याखाली पायताण काढलं रे काढलं, की 'या, बसा' म्हणायच्या आधी आप्पा ते उचलतात, उलटं करतात आणि बाभळीच्या काट्यानं तळाची माती उकरून तळहातावर घेतात. मग ती चोळून बघतात, थुंकी लावून वळून बघतात. एका विमा एजंटाच्या बुटाची माती तर त्यांनी जिभेलाही लावली. तो बिचारा बूट तिथंच सोडून पळायच्या बेतात होता.

मी नोकरीनं कृषी सहायक. वाशी तालुक्यातल्या या माळावरच्या गावात भाड्यानं राहतो. माती हा माझ्या पोटापाण्याचा विषय. नमुने घ्यायचे, पिशवीत भरायचे, चिठ्ठी लावायची. त्यामुळे पहिल्या दिवशी मला वाटलं, चला, जोडीदार भेटला. कसला जोडीदार! पहिल्याच आठवड्यात आप्पांनी माझे बूट उलटे केले आणि चार माणसांत विचारलं, "सायेब, आज खालच्या शिवारात गेल्तो म्हनलात न्हवं? मंग बुटाला काळी कुठं हाय? ही तर ष्ट्यांडावरल्या हाटेलापुढली खडी हाय." तेव्हापासून मी बूट झटकून घरी येतो. साहेबाला कधी भ्यालो नाही, या म्हाताऱ्याला भितो.

कशाबद्दलही बोला, आप्पांचा सवाल एकच, "पायाखाली काय हाय?" कुणी म्हैस घेतली, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, मास्तरांची बदली झाली, सगळ्यांना तोच प्रश्न. मास्तर कळंबकडं निघाले तेव्हा मी कौतुकानं म्हणालो, "तिकडं काय, भारी काळी जमीन!" तर माझ्याकडं कीव केल्यासारखं बघून म्हणाले, "पिकाला भारी. जनावराला इचारलं का कुनी?" आता जनावराला कसं विचारायचं? आणि मास्तरांकडं जनावर कुठं होतं? मला काही कळलं नाही. त्यांच्याशी बोलून उठताना मला नेहमी असंच होतं.

गेल्या उन्हाळ्यात आप्पांचे गुडघे गेले. जन्मभर गुरांमागं माळ तुडवलेला माणूस, पण डॉक्टरांनी माळ चढायला साफ बंदी केली. गोठ्यात एकच जनावर उरलं होतं, तांबी नावाची कालवड. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात दुसरं कुणी नाही. तांबीला चारायला नेणार कोण? तेव्हा पावसाच्या आत तिला चांगल्या ठिकाणी द्यायचं ठरलं. आणि माझ्याकडं मोटारसायकल आहे एवढ्या एका गुन्ह्यापायी गिऱ्हाईक आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिला माणूस मी ढोकीकडचा आणला. ऊसवाला, उसाच्या वाढ्याच्या हिरव्या चाऱ्याला तोटा नाही. आप्पांनी चप्पल उलटी केली. "काळी. पावसाळ्यात जनावर ढोपराएवढं रुततंय, खुरं कुजत्यात. उन्हाळ्यात भेगा पडत्यात, त्येच्यात पाय जातोय. न्हाय जमायचं."

बरं, म्हटलं, मग मुरमाचा माणूस बघू. तेरखेड्याकडचा एक आणला. आप्पांनी माती चोळली आणि खूश झाले. "ह्यो खरा मुरूम. पानी थांबत न्हाय, खूर घट्ट ऱ्हातंय." मी मनात हुश्श केलं. "पर वर गवत काय?" त्या माणसानं खरं सांगितलं, "कुसळी." झालं! "कुसळं तोंडात रुतत्यात. न्हाय जमायचं."

"अहो आप्पा, तुमच्या माळावर तरी काय आहे? मुरूम आणि कुसळीच ना?"

"व्हय."

"मग?"

"मंग काय?"

आता बोला!

तिसरा नदीकडचा. त्याच्या वहाणेला पांढुरकी माती. "चोपन हाय. मीठ फुटलंय. जनावर माती चाटत बसंल, चरंल कवा?" मी कपाळाला हात लावला. सरकारी वहीच्या मागच्या पानावर तक्ताच आखला. कोणती माती, कोणतं गवत, पाणी थांबतं का, खुराला काय, तोंडाला काय. सगळं जुळेल असा चौथा माणूस शोधायला मला आठवडा लागला. मध्यम जमीन, निचऱ्याची, बांधावर पवना गवत. आप्पांनी त्याचं पायताण चोळलं, हुंगलं, चाटलं आणि मान डोलावली.

"माती झ्याक हाय," म्हणाले. "पर मानूस लई घाईचा दिसतोय."

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. तो माणूस गेल्यावर मी वही आपटली. "आप्पा, तुम्हाला कालवड द्यायची आहे का नाही, एकदा काय ते सांगा! आजवर माणसाचं तोंड बघितलं नाहीत, आणि आज माती जमली तर तोंड आडवं आलं?"

मला वाटलं, आता उलटून बोलतील. पण ते काट्यानं ओट्याची माती टोकरत बसले.

"तोंड बगितलं न्हाय, त्येच चुकलं," ते म्हणाले. "माझी कौसा कळंबकडं दिली. लोक पोरगं बगाया जात्यात, म्या रान बगून आलो. पुरुसभर काळी! म्हनलं, पोरगी सोन्यात लोळंल. तिच्यासंगं आंदन म्हनून गाय धाडली, ह्या तांबीची पनजी. पयल्याच पावसाळ्यात तिची खुरं कुजली. चिखलात बसली ती उठलीच न्हाय. माळावरचं जनावर काळीत टिकत न्हाय, ह्ये मला कळाया नगं? मला?"

"आणि कौसाताई?"

"ती दर खेपंला म्हनती, चांगलं हाय." आप्पा तांबीकडं बघत होते. "ती गाय बी कवा हंबरली न्हाय."

मी वही उचलली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेल्या कौसाताईंच्या नंबरावर मी गुपचूप फोन लावला. तांबी द्यायची आहे, आप्पांचे गुडघे गेलेत, एवढंच सांगितलं. कौसाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, पंधरा दिस कुनाला देऊ नगा." का, ते सांगितलं नाही. मी पुन्हा गोंधळलो. पण पंधरा दिवस थांबवायला मला काही करावं लागलं नाही. आप्पांनी त्या मुदतीत आणखी दोघांना हाकललं.

सोळाव्या दिवशी सकाळी कौसाताई एसटीनं आल्या. चाळिशीच्या, आप्पांसारख्याच उंच. ओट्याखाली चप्पल काढली आणि पाया पडायला वाकल्या. आप्पांचा हात आशीर्वादाला न जाता चपलेकडं गेला. सवयच ती. काटा घेतला, तळ उकरला आणि थांबले.

तळहातावर तांबूस, खरबरीत खडे पडले होते. त्यांनी ते चोळले, थुंकी लावली, वळून बघितलं, वळेनात. जिभेला लावले. लेकीकडं बघितलं, पुन्हा हाताकडं बघितलं. मग तळहात माझ्यापुढं केला.

"सायेब, ही कुठली?"

इतक्या वर्षांत आप्पांनी मला मातीबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि नेमकं मला सांगता येत नव्हतं. कळंबकडच्या काळीत हा मुरूम आला कुठून?

"आपल्याच माळाखालच्या खदानीचा हाय," कौसाताई म्हणाल्या. "ह्यांनी ट्रॅक्टर लावला. सा ट्रॉल्या मुरूम गोठ्यात आन अंगनात टाकला, वरून पानी मारून धुमसून घट्ट केला. आता कितीबी पाऊस पडू द्या, चिखल व्हत न्हाय. तांबीला न्याया आले मी."

आप्पांनी मान हलवली. "गोठ्याचं बराबर हाय. पर अंगन कशाला? कालवड काय अंगनात नाचनार हाय?"

"अंगन तांबीसाठी न्हाय, आप्पा. तुमच्या गुडघ्यांसाठी हाय."

आप्पांच्या हातात चप्पल तशीच राहिली. "लेकीच्या घरी बापानं ऱ्हायचं व्हय?" असं ते पुटपुटले, पण त्यात काही दम नव्हता.

"पायाखाली काय हाय ते बगा की," कौसाताई म्हणाल्या. "तुमचाच माळ हाय."

मी तोंड फिरवून तांबीकडं बघत उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते आप्पांना दिसायला नको होतं.

"कौसा," मागून आप्पांचा आवाज आला, "तू रुतलीस का गं?"

"पयल्या वर्साला रुतले," त्या म्हणाल्या. "रडले बी. मंग ह्यांनी दारात फरशी घातली. आता खरंच चांगलं हाय."

आप्पांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती चप्पल सुलटी केली, दुसरीच्या जोडीला नीट लावून ठेवली आणि ओट्यावरची जागा हातानं झाडत म्हणाले, "ये, बस."