सातवीतला बिबट्या

मोहनराव सकाळपासून पत्र्याची पेटी उपसत बसले होते. पेटीत कामाचं काही नव्हतं, पण सुप्याच्या ओढ्याकाठच्या त्या घरात दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. एसटीतली ड्रायव्हरकी संपून त्याहून जास्त. मुलगा ज्ञानेश पुण्यात कंपनीत होता. तो रविवारी फोन करायचा, "जेवलात का?" विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत घाईत असायचा.

पेटीच्या तळाशी 'कवडसा' निघाला. सातवीत असताना वर्गानं काढलेलं दोन पानी वार्तापत्र. गुरुजींनी बारामतीहून सायक्लोस्टाइल करून आणलेलं. वर छापलं होतं, 'संपादक : मोहन'. मोहनरावांनी ते दोनदा वाचलं. मग कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. म्हणून त्यांनी फोटो काढून 'सातवी ब' या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि चहा ठेवला.

चहा पिऊन झाला, कप विसळून झाला. फोटो सगळ्यांनी पाहिल्याचं दिसत होतं, उत्तर मात्र कुणाचंच नव्हतं. एकानं तेवढ्यात गुलाबाचं फूल टाकून सगळ्यांना सुप्रभात म्हटलं. शाई उडाल्यामुळं अक्षर लागत नसेल, अशी मोहनरावांनी स्वतःची समजूत घातली आणि पहिलीच बातमी एका बोटानं टाइप करून टाकली : 'ओढ्याच्या वरल्या अंगाला बिबट्या दिसला. लहान मुलांनी व म्हाताऱ्या माणसांनी एकटे राहू नये.'

बातमी जुनी आहे हे फोटोवरून कळत होतं. पण वर्गमित्र आबाजीनं फोटो न बघताच नुसता मजकूर गावच्या ग्रुपवर ढकलला. तिथून तो मोरगाव आणि लोणी भापकरला जाऊन, बिबट्याला दोन पिल्लं जोडून घेऊन, दुपारपर्यंत सुप्यात परत आला.

पहिल्यांदा शेजारच्या वस्तीवरच्या भामाबाई आल्या. हातात डबा होता, मागं काठ्या घेतलेले दोन जावई होते.

"तात्या, बिबट्या तुमीच बघितला म्हणं?"

"अगं, तसं न्हाय, ते जुनं..."

"जुनं का नवं, जनावर ते जनावर. आजपास्नं एकट्यानं ऱ्हायाचं न्हाय. हे घ्या, मेथीची भाजी हाय. भाकरी गरम हाय तवर खावा."

मोहनरावांनी झाकण उघडलं. दुसऱ्याच्या हातची गरम भाकरी त्यांनी कधी खाल्ली होती, ते त्यांना आठवेना. खुलासा जेवण झाल्यावर करू, असं त्यांनी ठरवलं.

जेवण होईपर्यंत ओटा भरला. आबाजी आला. सरपंचबाई आल्या. कुणीतरी सतरंजी आणली. बिबट्या केवढा होता, असं विचारल्यावर मोहनराव गप्प बसले. "भ्याल्यात, बोलवंना त्यांना," असं म्हणून आबाजीनंच हात पसरून माप दाखवलं. मोहनरावांनी नाही म्हटलं नाही. इतकी माणसं ओट्यावर बायकोच्या तेराव्यानंतर बसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वनरक्षक श्रेया मोटारसायकलवरून आली. तिला ओढ्यात ठसे सापडले, पण ते शेळ्यांचे होते. तरी तिनं फाटकासमोरच्या बाभळीला एक छोटी पेटी बांधली.

"हा कॅमेरा आहे, तात्या. समोरून काहीही गेलं की आपोआप फोटो निघतो. चार-पाच दिवस राहू दे."

चार-पाच दिवस बरे गेले. रोज एका घरचा डबा आला. आबाजी दुपारी पत्ते खेळायला येऊ लागला. ज्ञानेशनं रोज फोन केला आणि फोनवर थांबलाही. शनिवारी तो येणार होता.

शुक्रवारी इंदापूरहून छबूबाईचा फोन आला. ती सातवीत मोहनरावांच्या पुढच्या बाकावर बसायची. आता नातवंडांत होती.

"मोहन, माझ्या सुनंनं आत्ता बातमी वाचून दावली. पोरांना घरात कोंडून बसलीय ती. आरं, ही बातमी माझी हाय."

"ठाव हाय," मोहनराव म्हणाले.

"पान भरंना म्हणून तूच म्हणला, कायतरी दे. तवा आमचं पिवळं कुत्रं डोळ्यापुढं आणून लिवलं म्या. सांग लोकांला. हितं पोरं साळंला जायना झाल्यात."

मोहनरावांनी मान डोलावली. फोनवर डोलावलेली मान दिसत नाही हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

शनिवारी सकाळी ओटा भरल्यावर त्यांनी 'कवडसा' सगळ्यांपुढं ठेवला आणि सांगून टाकलं. मग एक जावई हसला, दुसरा चिडला. "माझी दोन दिसांची मजुरी बुडली की," तो म्हणाला. सरपंचबाईंनी चप्पल घातली. आबाजी म्हणाला, "तू सांगायचं तरी," आणि पत्त्यांचा जोड खिशात घालून निघाला. भामाबाईंनी रिकामा डबा मागून घेतला. सतरंजीसुद्धा गेली.

तेवढ्यात ज्ञानेशची गाडी लागली. वाटेत भेटलेल्या माणसांकडून त्याला सगळं कळलं होतं.

"बाबा, मी मीटिंग सोडून आलोय."

"व्हय. चुकलंच माझं. च्या ठेवू?"

"निघतो. संध्याकाळी काम आहे."

तो वळतोय तोच श्रेया कॅमेरा उतरवायला आली. आतलं कार्ड तिनं लॅपटॉपला लावलं. "बिबट्या नाही हे कळलं मला," ती ज्ञानेशला म्हणाली, "पण फोटो तपासून नोंद करावी लागते. तुम्हीही बघा, साहेब."

पहिल्या फोटोत मोहनराव फाटकाशी उभे होते, रस्त्याकडं बघत. दुसऱ्यातही. मग एक शेळी. मग परत मोहनराव. सकाळचे, दुपारचे, दिवेलागणीचे. कधी टॉवेल खांद्यावर, कधी हातात कप. माणसं निघून गेल्याबरोबरचे. श्रेयानं बटण दाबायचा वेग वाढवला, तरी ते फाटकाशीच होते.

"पुसून टाक, पोरी," मोहनराव पुटपुटले. "त्यात बघण्यासारखं काय न्हाय."

श्रेयानं ज्ञानेशकडं पाहिलं. तो पडद्यावरून नजर काढत नव्हता.

"नोंद काय करू, साहेब?" तिनं हळूच विचारलं.

ज्ञानेशनं गाडीची किल्ली खिशात टाकली आणि चप्पल काढून ओट्यावर बसला.

"बाबा," तो म्हणाला, "चहात साखर जरा जास्त घाला."