हलका पाय

चष्मेवाल्यांनी आणि त्यांच्या दंतवैद्य साडूंनी एकाच महिन्यात एसयूव्ही घेतल्या. दोन्ही गाड्या हत्तीएवढ्या, इंजिनं शिलाई मशीनएवढी. पण मागे ‘टर्बो’ लिहिलेलं असल्यामुळे त्यावर बोलायची सोय नव्हती.

माहितीपत्रकात लिटरला वीस छापलं होतं. चष्मेवाल्यांचा बायकोवर नसेल एवढा त्या कागदावर विश्वास. साडू मात्र आपल्याला सोळाच पडतं, असं निर्लज्जपणे खरं सांगायचे. शेवटी ठरलं, सासऱ्यांच्या घरापर्यंतच्या शंभर किलोमीटरात काय तो निकाल लावायचा.

“वीस पडलं नाही, तर किल्ली माझ्याकडे,” बायको म्हणाली. लायसन्स तिच्याकडेही होतं. स्टिअरिंग तेवढं कधी वाट्याला आलं नव्हतं, कारण टर्बोला म्हणे हलका पाय लागतो आणि तो फक्त चष्मेवाल्यांना होता.

तयारी जोरात झाली. वजन नको म्हणून स्टेपनी काढली, जॅक काढला, बायकोची एक पिशवी घरात परत गेली. एसी बंद. काचाही बंद, कारण वारा गाडी अडवतो. मग त्यांच्या लक्षात आलं, की पेट्रोललाही वजन असतं. शंभर भागिले वीस, पाच. त्यांनी टाकी पार कोरडी करून मोजून पाच लिटर भरलं. विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवायचा.

सत्तराव्या किलोमीटरला गाडीने मान टाकली. बायको स्टिअरिंगवर बसली आणि हलक्या पायाचे धनी मागून ढकलू लागले. तेवढ्यात साडू आले. त्यांनी पेट्रोल आणून द्यायची तयारी दाखवली, पण मधेच भरलं तर हिशेब बिघडेल म्हणून चष्मेवाल्यांनी साफ नकार दिला. ओढून काढणं हा साडूंचा धंदाच. त्यांनी दोरी बांधली. चष्मेवाले त्यांच्या गाडीत जाऊन बसले, आणि एसी लावल्याने ॲव्हरेज कसं मार खातं, हे त्याच एसीत बसून त्यांना समजावत राहिले.

सासऱ्यांच्या दारात गाड्या थांबताच ते आपल्या मीटरकडे धावले. बरोबर शंभर.

“वीस! कागदावर होतं तेवढंच!”

साडूंना त्या दिवशी अकरा पडलं. ते गुपचूप दोरी गुंडाळत होते.

बायको ऐटीत खाली उतरली. “वीस पडलं खरं,” ती म्हणाली. “पण तुमच्या हातात चौदाच पडलं होतं. वरचे सहा माझ्या हातचे.”

किल्ली तिने पर्समध्ये टाकली आणि सासऱ्यांच्या घरातला रिकामा कॅन नवऱ्याच्या हातात दिला.

“पंप पुढच्या चौकात आहे. पाय हलका ठेवा.”