याओबाईंच्या वडिलांचं टक्कल

साहित्यकृतीचा पडद्यावर सन्मान व्हायचा असेल, तर तिनं थोडं समजुतीनं घेतलं पाहिजे, हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाला मान्य आहे. चीनमधल्या शाओशिंगच्या याओ युनशिउ यांना ते पटायला मात्र अकरा बैठका लागल्या. (भूगोल शिकवण्यात जन्म गेलेला, डोंगर असतात तिथेच राहतात, अशी बाईंची समजूत.)

निवृत्तीनंतर बाईंनी एकच कादंबरी लिहिली, तीही वडिलांवर. टकले, ढेरपोटे, अबोल. तीस वर्षं त्यांनी अंगणात सोया सॉसचे रांजण ढवळले, बायकोशी अबोला धरला आणि एका दुपारी रांजणाला टेकूनच ते गेले. पानं तीनशे बारा. हांगचौच्या एका चित्रसंस्थेनं कादंबरी घेतली आणि मूळ कृतीला धक्का लागू नये म्हणून सात जणांची एकनिष्ठता समिती नेमली. सातांपैकी एकट्या थानसाहेबांनी कादंबरी वाचली होती (पान चाळीसपर्यंत, पुढे त्यांचं स्टेशन आलं). साहजिकच ते अध्यक्ष झाले.

पहिल्या बैठकीत टक्कल गेलं, कारण नायकाच्या करारात केसांना संरक्षण होतं. दुसरीत ढेरी गेली. तिसरीत असं निदर्शनास आलं, की सॉस मुरायला वर्ष लागतं आणि प्रेक्षक तेवढा थांबत नाही. सबब वडिलांच्या हाती तलवार देण्यात आली.

"अहो, तलवारीनं सॉस कसा ढवळणार?"

"उडता उडता ढवळेल की! बाई, तुमचीच कल्पना फुलवतोय आम्ही," थानसाहेब म्हणाले. "आता आईचं बघू. आई पंधराव्या मिनिटाला जाते."

"कुठे जाते?"

"मरते. त्याशिवाय तो तलवार कशाला उपसेल?"

"आई घरी आहे माझी! अठ्ठ्याऐंशी वर्षांची. आत्ता वाटाणे सोलत बसली असेल."

समितीनं दोन मिनिटं शांतता पाळली. (शोकप्रस्ताव घरपोच आला. आईनंच सही करून घेतला.)

बाईंनी हट्ट धरला तो एकाच प्रसंगासाठी. रोज सकाळी वडील चमचाभर सॉस आईपुढे धरत. आई चाखून म्हणे, "खारट." तीस वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले ते एवढंच. "एवढं तरी राहू द्या," बाई म्हणाल्या. समितीनं चार सेकंद मंजूर केले.

पहिल्या खेळाला बाई आईला घेऊन गेल्या. तो प्रसंग आला. चमचा पुढे झाला, नटी "खारट" म्हणाली आणि बाईंनी आईकडे पाहिलं.

"हे काय मध्येच घातलंस, शिउ?" म्हातारी कुजबुजली. "असलं काही नव्हतं हं."

मग पीचच्या पाकळ्यांत स्वतःला मरताना पाहून ती मनसोक्त रडली. बाहेर आल्यावर डोळे पुसत म्हणाली, "तुझे बाबा अगदी असेच उडायचे." घरी येऊन तिनं भिंतीवरचा वडिलांचा फोटो उतरवला आणि तिथे नायकाचं पोस्टर लावलं.

बाईंना हसू फुटलं. ते थांबेना. हसता हसता त्या अंगणात गेल्या आणि रिकाम्या रांजणाला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या.

पुढच्याच महिन्यात समितीचं पत्र आलं: कादंबरी चित्रपटाशी एकनिष्ठ नाही, अशा वाचकांच्या नऊ हजार तक्रारी आहेत, तरी उचित सुधारणा व्हावी. बाईंनी सुधारणा केली. वडिलांना केस दिले, मग पंखही दिले. भीती वाटावी इतकं छान जमलं. जुनी आवृत्ती आईनं कधी उघडलीही नव्हती; ही तिनं दोनदा वाचली.

जुनी आवृत्ती आता मिळत नाही. नवी उपलब्ध आहे, परंतु जाड आहे. ज्यांना ती वाचायला सवड नाही, त्यांच्यासाठी चित्रपट आहे; आणि ज्यांना तेवढीही सवड नाही, त्यांच्यासाठी हा मजकूर. तो आपण आत्ताच संपवलात. आता चारचौघांत खुशाल सांगा, की मूळ कादंबरी चित्रपटापेक्षा सरस होती.