वाल्मिकच्या पावडरीची निवड समिती

शस्त्रक्रियेने माणसाचे पोट लहान करता येते. नातेवाइकांचे तोंड लहान करण्याची शस्त्रक्रिया वैद्यकशास्त्राला अद्याप साधलेली नाही. (प्रयत्न चालू असल्याचेही ऐकिवात नाही.)

सुरतेच्या उधन्यात राहणारे आणि तिथल्या साडी मार्केटात पॅकिंगचे काम पाहणारे वाल्मिक यांचे पोट गेल्या उन्हाळ्यात असे लहान करण्यात आले. घरी सोडताना आहारतज्ज्ञ चंचलबेन यांनी बजावले, "वाल्मिकभाई, आता दोन घासांत पोट भरणार. म्हणून प्रोटीनची पावडर रोज घ्यायचीच. साखर कमी, आणि पोटाला सोसेल अशी. नाहीतर केस जातील, ताकद जाईल."

पत्नी नूतन लगेच पिशवी घेऊन मेडिकलकडे निघाल्या. दारातच त्यांना वाल्मिकच्या बहिणीचे यजमान, शालिग्राम दाजी यांनी अडवले.

"असं घाईत नको वहिनी. पोटाचा प्रश्न आहे. चारजणांना विचारू."

चारजण म्हणजे सुरतेत येऊन राहिलेला निम्मा खानदेश. रीतसर समिती बसली. दाजी अध्यक्ष झाले, कारण घरातल्या एकमेव खुर्चीवर तेच बसले होते. जिमला जाणारा पुतण्या राहुल तज्ज्ञ सदस्य झाला. त्याने सर्वांत मोठा डबा आणला; तो वजन वाढवण्याचा निघाला. (घुसळायची बाटली मात्र फुकट होती.) बारडोलीच्या मावसभावाने उसाच्या रसाची शिफारस केली. रसात प्रोटीन नसते हे त्याने मान्य केले, पण रस ताजा असल्याची हमी दिली. वाल्मिकच्या आई भागीरथीबाईंनी भिन्न मत मांडले: "काय पावडर पावडर करतस रे! उडीदनी दाय पाजा मना पोऱ्याले." हे मत बहुमताने फेटाळण्यात आले, कारण डाळीच्या पिशवीवर दंड फुगवलेल्या माणसाचे चित्र नव्हते.

मग चव पाहणे आले. रुग्णाला घोटभरच पिता येत असल्याने त्यांच्या वतीने समितीने प्यायचे ठरले. चॉकलेट झाले, आंबा झाला. निःपक्षपातीपणासाठी प्रत्येक चव पुन्हा पाहण्यात आली, आणि तोंड गोडमिट्ट होऊ नये म्हणून मध्ये लोचो हा सुरतेचा तिखट नाश्ता मागवण्यात आला. नूतन पेले विसळत राहिल्या.

सभा लांबत गेल्या. इकडे वाल्मिकचा कंगवा केसांनी भरू लागला. (दाजींच्या मते ते केस तसेही जाणारच होते.) एका दुपारी मार्केटच्या जिन्यात त्यांचे पाय लटपटले. हमालांनी साडीच्या गठ्ठ्यासारखे उचलून त्यांना रिक्षात घातले. घरी सभा चालूच होती. ते आत जाऊन आडवे झाले आणि नूतनना हळूच म्हणाले, "कोणतीही चालेल गं. पण मला दे."

नूतननी कुणालाही न विचारता चपला घातल्या. त्या कमी साखरेची, बिनचवीची पावडर घेऊन आल्या, सासूबाईंच्या डाळीच्या कोमट पाण्यात कालवली, आणि नवऱ्याचा शेवटचा घोट होईपर्यंत उशाशी बसून राहिल्या.

"अहो वहिनी, अजून ठराव झाला नाही!" दाजी ओरडले.

"होऊ द्या ना. तोवर तुमचा पेला विसळून टाकते."

वाल्मिक आता एका दमात जिना चढतात. समितीचे वजन सरासरी पाच किलोंनी वाढले असून दाजींना पोट लहान करणाऱ्या त्याच डॉक्टरांनी भेटायला बोलावले आहे.

पावडरीचे नाव इथे दिलेले नाही. तुम्ही ते शोधत होतात, हे लक्षात आले आहे. वाल्मिकला तर मिळाली. मग ही चौकशी कुणासाठी? असो. आंब्याचा अर्धा डबा शिल्लक आहे आणि समितीला नवा अध्यक्ष हवा आहे. खुर्ची आहे, येताना पेला तेवढा आणा.