अर्ध्यावरचा स्वेटर

"अप्पा, उसवा तो सगळा आणि पहिल्यापासून विणा," लेकीनं पुन्हा सांगितलं.

"खबरदार! तुझ्या आईचा एक टाका उसवायचा नाही."

नातीचा बिनबाह्यांचा स्वेटर सुयांवर अर्धा सोडून अप्पांची बायको गेली होती. तो पुरा करायचाच, हे अप्पांनी मनाशी पक्कं केलं. जन्म मिश्रधातूंच्या प्रयोगशाळेत गेलेल्या माणसाला दोन सुया आणि लोकर म्हणजे काय अवघड, असा त्यांचा समज होता. समजच तो!

पहिल्या काही ओळी झकास बसल्या. पण बायकोचा हात सैल, अप्पांचा घट्ट. टाके तेवढेच, पण अप्पांचे बारीक. विणकाम वर चढलं तसं ते आत ओढू लागलं आणि सांध्यावर स्वेटर चुरगळला.

"हा स्वेटर आहे की फ्लॉवरचा गड्डा?" लेकीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी स्वेटर थेट प्रयोगशाळेत नेला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. विभागप्रमुख बाई त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी.

"सर, हा नमुना कुठला?"

"घरचा. दोन थरांतल्या टाक्यांचं अंतर जुळत नाही. धातूत काय होतं, सांग बघू."

बाई विद्यार्थिनीसारख्या सरळ उभ्या राहिल्या. "थर पातळ असतो तोवर ताण सोसून जुळवून घेतो. जाड झाला की ते जमत नाही. मग बारीक अंतराच्या बाजूला मधूनमधून अणूंची एक जादा ओळ येते आणि सांध्यापाशी संपते. ताण तेवढ्याच जागी गोळा होतो, बाकीचे अणू सुटतात."

"मग मीही टाके वाढवतो!"

पण किती अंतरावर? विभागात तिघे शास्त्रज्ञ आणि मतं चार. प्रत्येक मताला मान देऊन अप्पा आपला भाग उसवत आणि पुन्हा विणत राहिले. खरं तर त्यांना घाई नव्हती. संध्याकाळी घर खायला उठायचं, आणि ती लोकर हातात असली की बायको जवळ आहे असं वाटायचं.

अखेर स्वेटर पुरा झाला. सपाट बसला. वाढवलेल्या टाक्यांपाशी तेवढी बारीक भोकं राहिली.

"भोकं नाहीत ती. ताण तिथं गोळा झालाय," अप्पांनी खुलासा केला.

"आणि तुमचा कुठं गोळा झालाय, अप्पा?"

अप्पांनी नातीला स्वेटर घातला आणि तिचं पोट उघडंच राहिलं. चार मतांच्या भानगडीत पोरगी ताडमाड वाढली होती, नशीब रुंदीला तेवढीच होती.

"संपलं," अप्पा म्हणाले. "तुझ्या आईचं शेवटचं काम, तेही मी वाया घालवलं."

लेकीनं स्वेटर काढून घेतला. आई गेल्यापासून तिनं सुयांना हात लावला नव्हता. "खालून वाढवू या," ती म्हणाली आणि आईच्या पहिल्या ओळीतूनच टाके उचलू लागली.

"जपून! तिथंही जादा टाके लागतील."

चार बोटं विणून झालं, तरी सांधा सपाटच. अप्पांनी लेकीच्या टाक्यांना पट्टी लावली. चष्मा पुसून पुन्हा लावली.

"काय झालं? जुळत नाही का?"

"तुझ्या आईचंच माप आहे गं," अप्पा म्हणाले, आणि इतके दिवस न आलेलं रडू त्यांना आलं. लेकीच्या सुया थांबल्या. तिलाही पुढचं दिसेना.

"रडणं झालं की विणा ना," अप्पांच्या शालीत गुंडाळलेली नात म्हणाली. "मला थंडी वाजतेय."