लाल गाडीच्या झिजल्या दातांची मोहीम

किल्ले पडले, तख्ते फिरली, त्यांच्या हकिकती पुष्कळांनी लिहून ठेविल्या. परंतु घराशेजारच्या गॅरेजात केवढे रणकंदन माजते याची दखल कोणी घेतली नाही. यास्तव जे जाहले ते पदरचे काही न घालता, आणि कोणाची अब्रू वाचावी म्हणून काही न गाळता, येथे नमूद करीत आहो.

थोरले मालक यांजपाशी जुन्या बनावटीची, उघड्या टपाची, लाल स्पोर्ट्स कार होती. मालक निवर्तले ते समयी गाडी पोटच्या पुत्रास न देता जावयास देऊन गेले. जावई पेशाने दंतवैद्य, पुत्र पेशाने गायनमास्तर. आणि मास्तरांचे मनी त्या दिवसापासून जो सल राहिला तो राहिलाच. पुढे गाडीने खरखर आरंभिली आणि चढावर दम टाकू लागली, आणि मग एके दिवशी फाटकातच बसली. हे वर्तमान कळताच मास्तर तातडीने चालून आले आणि त्यांनी जाहीर केले की, आईचे पंचाहत्तराव्या वाढदिवशी गाडी चालू न दिसल्यास आपण ती ओढून नेऊ. दंतवैद्य इरेस पडले आणि कबूल होऊन बसले. बाईसाहेब, म्हणजे एकाची पत्नी आणि दुसऱ्याची धाकटी बहीण, त्यांनी दोघांकडे पाहून फर्माविले की, भांडायचे तर अंगणात भांडा, फरशी नुकतीच पुसली आहे.

आता गनीम कोठे दडला होता ते ऐकावे. इंजिनाचे पुढील अंगास, लोखंडी झाकणाआड, दोन दातेरी चाके एकमेकांत दात रोवून फिरतात. धाकटे चाक मुख्य दांड्यावर. थोरले कॅमशाफ्टवर, की ज्याचे हुकमाने झडपा वेळच्या वेळी उघडतात आणि मिटतात. चाकांचे दात झिजले म्हणजे सारा कारभार बिघडतो. दंतवैद्यांनी नवी जोडी मागविली आणि मोर्चा लाविला. प्रथम पाणी काढिले, मग रेडिएटर उतरविला, मग पट्टा ढिला केला. परंतु पुलीचा थोर नट काही केल्या हलेना. मग दंतवैद्य लांब पान्यास लोंबकळले, आणि नटाने एकाएकी शरणागती पत्करिली, आणि दंतवैद्य पाण्याच्या घमेल्यात आसनस्थ जाहले.

झाकण निघाले. आतील दात झिजून सुळ्यांसारखे जाहले होते. दंतवैद्यांनी आरसा आत घातला आणि सवयीने बोलून गेले, "घाबरू नका. मोठा आ करा."

"अहो, ती गाडी आहे," दारातून बाईसाहेब म्हणाल्या.

"सवय गं."

थोरले चाक तापवून फुगविल्यावाचून दांड्यावर चढत नाही. यास्तव वाढदिवसाचे सकाळी ते स्वयंपाकघरातील ओव्हनात दाखल जाहले, आणि बाईसाहेबांची बिस्किटे ओट्यावर तिष्ठत राहिली. चाक तापले, दंतवैद्यांनी बाईसाहेबांचे फुलाफुलांचे जाड हातमोजे चढविले आणि चाक उराशी धरून "बाजूला व्हा, बाजूला व्हा" अशी आरोळी ठोकीत दिवाणखान्यातून धाव घेतली, आणि ऐन दारात आगमन करणारे गायनमास्तर जीव मुठीत धरून सोफ्यावर चढले. त्या धांदलीत दंतवैद्यांनी थोरल्या चाकावरील खूण धाकट्याचे खुणेसमोर आली ऐसे मानिले, आणि झाकण लावून किल्ली फिरविली.

इंजिन सुरू जाहले. खरखर मोडली, परंतु ताकद म्हणून नाही. गाडी आजाऱ्यासारखी कण्हू लागली. दंतवैद्यांचे तोंड उतरले. आता मास्तरांस गाडी नेण्यास कोणाची हरकत नव्हती. परंतु मास्तर हलले नाहीत. डोळे मिटून, मान तिरपी करून उभे राहिले.

"दाजी, बेसूर नाहीये. उशिरा पडतंय सगळं. जरासं, पण प्रत्येक वेळी."

दंतवैद्यांनी कपाळावर हात मारिला. "एक दात! एक दात मागे बसलंय!"

"मग काढा की."

"तुम्ही तर गाडी न्यायला आलात ना, दादा?"

मास्तर इस्त्रीचे सदऱ्याच्या बाह्या सारून बोलले की, अशा अवस्थेत नेऊन काय करू, पाना द्या. येणेप्रमाणे दोन फौजा एक जाहल्या. चाक पुनरपि उपटिले, पुनरपि तापविले; दंतवैद्यांनी रेटिले, आणि मास्तरांनी विजेरी आणि दातांचा आरसा धरून खुणेवर पहारा ठेविला.

"अजून... अजून... आली समोर! सोडा!"

किल्ली फिरली, आणि लाल गाडी ऐशी गरजली की शेजारचे खिडक्यांत जमा जाहले. मास्तर बॉनेटवर हात ठेवून उभे होते. "बाबा गाडी काढायचे ना, दाजी, तेव्हा अस्साच आवाज यायचा," इतके बोलून त्यांनी नाक पुसले, तेणेकरून नाक काळे जाहले.

मग सासूबाईंस फेरफटका कोणी घडवावा, यावरून दोघांत नवी जुंपली. मास्तर पुत्राचा हक्क सांगत, दंतवैद्य जावयाचा. तितक्यात खुद्द सासूबाई डोक्यास रुमाल बांधून आल्या, गाडीत दोनच आसने आहेत हे एकवार पाहून घेतले आणि हात पुढे केला.

"किल्ली."

"आई, तू चालवणार?"

"तुझ्या बाबांनी जन्मात हिच्या चाकाला हात लावू दिला नाही मला. म्हणे, नाजूक आहे. मंडईत रोज ती दुसरी गाडी नेते मी, तेव्हा नाही कोणाला काळजी! जावईबापू, सरका. आणि तू गं, चल, बस."

बाईसाहेब बिस्किटांचा डबा घेऊन शेजारी बसल्या. गाडी फाटकातून निघाली, कोपऱ्यावर जरा जास्तच वेगात वळली, आणि दोघींचे हसणे रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिले.

ऐशी ही मोहीम बहुत कष्टाने फत्ते जाहली. झिजले दात हटले, नवे बसले. गाडी जावयाची की पुत्राची हा जुना तंटा त्याच सकाळी कायमचा निकालात निघाला. गाडी सासूबाईंची, आणि दोघे सरदार तिचे चाकरीस, हे सर्वांस ठाऊक असावे.